मीटरच्या पोटातील गणित : लहान संगणकाची आज्ञावली जलद व आटोपशीर कशी करावी

१. दाराशेजारचा गणक

जबलपूर हे नगर नर्मदेचा धुवांधार प्रपात आणि भेडाघाटचे संगमरवरी कडे यांमुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु मध्य प्रदेशाच्या व्यवहारात त्याची आणखी एक ओळख आहे. ते विजेच्या कारभाराचे गाव आहे. जुन्या मध्य प्रदेश विद्युत मंडळाचा कारभार येथील रामपूर भागातील शक्ती भवनातून चाले. मंडळाचे विभाजन झाल्यावर निर्माण झालेल्या वीजनिर्मिती, पारेषण आणि पूर्व क्षेत्र वितरण या कंपन्यांची मुख्य कार्यालयेही याच नगरात आहेत. जवळच नर्मदेवर बरगीचे धरण असून तेथील जलविद्युत केंद्राची क्षमता ९० मेगावॅट आहे.

धरणावर असो वा कोळशाच्या केंद्रात असो, निर्माण झालेली वीज तारांमधून शेकडो मैलांचा प्रवास करून अखेर आपल्या दाराशी येते. तेथे एक लहानशी पेटी तिची वाट अडवून उभी असते. ती पेटी म्हणजे विजेचे मीटर. किती वीज घरात गेली याचा हिशोब हीच पेटी ठेविते, आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवून वीजकंपनी पैसे मागते व गृहस्थ ते देतो.

पूर्वीच्या मीटरमध्ये अॅल्युमिनियमची एक चकती फिरत असे. ज्यांनी ती पाहिली असेल त्यांस तिच्या कडेवरचा काळा ठिपकाही आठवत असेल. आता ती चकती गेली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २००६ साली केलेल्या नियमांप्रमाणे नवी मीटरे स्थितिक, म्हणजे फिरता भाग नसलेली, असावी लागतात. चकतीच्या जागी आता एक नखाएवढा संगणक बसला आहे. तो पडद्यावर चित्रे दाखवीत नाही, पत्रे लिहीत नाही. त्याला एकच विद्या येते, आणि ती तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, न थकता आचरतो.

अशा एखाद्या यंत्राच्या पोटात कायमच्या बसविलेल्या संगणकाला अंतःस्थापित संगणक म्हणतात, आणि त्याच्या स्मृतीत पक्क्या बसविलेल्या आज्ञावलीस ‘फर्मवेअर’ हे नाव आहे. हा शब्द १९६७ साली अॅशर ऑप्लर या लेखकाने थोड्या निराळ्या अर्थाने प्रथम योजिला; आता तो या अर्थाने सर्वत्र रूढ झाला आहे. ही आज्ञावली थोड्या जागेत बसली पाहिजे, वेळेत काम करणारी असली पाहिजे, आणि तरीही अचूक राहिली पाहिजे. या तीन मागण्यांचा मेळ कसा घालतात ते प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

२. मीटरला काय करावे लागते?

विजेचा दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला असता त्या क्षणीची शक्ती मिळते. आपल्या घरातील वीज प्रत्यावर्ती असल्यामुळे दाब व प्रवाह हे दोन्ही सेकंदाला ५० वेळा वरखाली होत असतात. म्हणून एकदाच मोजून भागत नाही. लाटेच्या प्रत्येक फेऱ्यात पुष्कळ वेळा दाब मोजावा, प्रवाह मोजावा, दोहोंचा गुणाकार करावा आणि तो बेरजेत मिळवावा, असे अखंड करीत राहावे लागते. ही बेरीज म्हणजेच वापरलेली ऊर्जा.

विवेचन सोपे व्हावे म्हणून आपण एक मीटर कल्पनेने रचू. हे मीटर लाटेच्या प्रत्येक फेऱ्यात ८० मापे घेते असे समजू. सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सेकंदाला ४००० मापे. दोन मापांमधील अवकाश १ सेकंदाचा ४००० वा भाग, अर्थात २५० मायक्रोसेकंद. या संगणकाचे घड्याळ सेकंदाला १० लक्ष ठोके देते असे धरू. तेव्हा एका मापाचे सर्व काम २५० ठोक्यांच्या आत उरकले पाहिजे. पुढचे माप कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला की ते निसटले, आणि निसटलेले माप म्हणजे हिशोबातून निसटलेली वीज.

येथे वाचक विचारील की घड्याळ दुप्पट वेगाचे का बसवू नये? स्मृती मोठी का घेऊ नये? एका मीटरपुरता हा उपाय ठीक आहे. पण मीटरे लाखांनी बनतात. सुट्या भागाची किंमत चार रुपयांनी वाढली तर दहा लाख मीटरांस चाळीस लाख रुपये लागतात. शिवाय ठोके वाढले की संगणक वीजही अधिक खातो. वीज गेल्यावर मीटरातील घड्याळ व काही नोंदी लहानशा बॅटरीवर जगतात; त्या बॅटरीस अनेक वर्षे पुरावयाचे असते. म्हणून असलेल्या साधनांतच काम भागविणे हा या विद्येचा धर्म आहे.

३. प्रथम मोजा, मग सुधारा

आज्ञावली मंद वाटू लागली की नवशिका मनुष्य दिसेल ती ओळ घासूनपुसून जलद करू लागतो. हा श्रम बहुधा वाया जातो. समजा, आपल्या मीटरात पडद्यावर आकडे दाखविण्याचे काम एकूण वेळाच्या २ टक्के वेळ घेते. ते काम शून्य वेळात होऊ लागले तरी लाभ २ टक्क्यांचाच. उलट गुणाकार व बेरजेचे काम ७० टक्के वेळ घेत असेल तर त्यातील अर्धा वेळ वाचविल्याने ३५ टक्के लाभ होतो. गळती कोठे आहे हे पाहिल्यावाचून हौदाला गिलावा करू नये.

वेळ मोजण्याची एक साधी रीत कारागीर वापरतात. संगणकाचा एखादा मोकळा पाय असतो. काम सुरू होताच त्या पायावर विजेचा दाब चढवावयाचा आणि काम संपताच उतरवावयाचा, अशा दोन आज्ञा लिहितात. तो पाय दोलनदर्शकाला जोडला म्हणजे पडद्यावर उंचवटा दिसतो. उंचवट्याची रुंदी हाच त्या कामाचा वेळ. जागेचे मापही असेच घ्यावे लागते: आज्ञावलीचा कोणता भाग किती बाइट व्यापतो, याचा तक्ता करून मगच कात्री हाती घ्यावी.

४. अपूर्णांकांचा त्याग

दाब २३०.४ व्होल्ट, प्रवाह २.१७ अँपिअर अशा अपूर्णांकी संख्या आपणांस स्वाभाविक वाटतात. मोठ्या संगणकात त्यांच्या गणितासाठी स्वतंत्र यंत्रणा असते. लहान संगणकात ती नसते. तेथे अपूर्णांकाचा प्रत्येक गुणाकार किंवा बेरीज अनेक लहान आज्ञांची मालिका चालवून करावी लागते. आपल्या मीटरात अशा एका क्रियेस १२० ठोके लागतात असे धरू. प्रत्येक मापास तीन गुणाकार (दाब गुणिले प्रवाह, दाबाचा वर्ग, प्रवाहाचा वर्ग) आणि तीन बेरजा लागतात. सहा क्रियांचे ७२० ठोके झाले; आपल्यापाशी तर २५० च आहेत.

यातून सुटण्याचा मार्ग आपला वाणी रोज वापरतो. तो साडेबारा रुपये व पावणेआठ रुपये अशी बेरीज मनात करताना सर्वांचे पैसे करतो: १२५० आणि ७७५. आता सर्व संख्या पूर्णांक झाल्या. संगणकातही हेच करतात. व्होल्ट व अँपिअर यांऐवजी इतकी लहान एकके घ्यावयाची की सर्व मापे पूर्णांकांत यावीत. फरक इतकाच की वाणी शंभराच्या पटीत हिशोब करतो, तर संगणक २५६, १०२४ अशा दोनच्या घातांच्या पटीत करतो. कारण दोनच्या घाताने भागणे म्हणजे त्याच्या दृष्टीने अंक उजवीकडे सरकविणे होय. आपण दहाने भागताना दशांशचिन्ह सरकवितो, तसेच ते.

पूर्णांकांच्या गुणाकारास १२ ठोके व लांब बेरजेस १० ठोके धरले, तर तीन जोड्यांस ६६ ठोके लागतील. मापे वाचण्यास व नीट करण्यास आणखी ४० धरू. एकूण १०६ झाले. ७२० च्या जागी १०६! आणि शिल्लक राहिलेल्या १४४ ठोक्यांत पडदा, बटणे, नोंदी ही इतर कामे होतील.

५. पाढे पाठ करण्याचे गणित

जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. सातांची अडीचपट किती असे विचारताच मुलगा विचार न करता साडेसतरा म्हणे. तो गुणाकार करीत नसे. तयार उत्तर स्मृतीतून काढीत असे. वेळ वाचे, परंतु त्याबद्दल स्मृतीतील जागा द्यावी लागे.

संगणकाच्या आज्ञावलीतही तयार कोष्टके ठेवितात. मीटरच्या पडद्यावरील प्रत्येक अंक सात लहान रेघांनी बनतो. ८ साठी सातही रेघा लागतात, १ साठी दोनच. कोणत्या अंकास कोणती रेघ, हे अटींची रांग लिहून ठरविता येईल. पण एका रेघेस एक बिट या हिशोबाने प्रत्येक अंकास एक बाइट पुरतो आणि १० बाइटांच्या कोष्टकात सर्व अंक बसतात. येथे कोष्टक जलदही ठरते आणि लहानही. परंतु एखादे कोष्टक चार हजार नोंदींचे होऊ लागले तर क्षणभर थांबून विचार करावा. तेथे गणित करणेच स्वस्त असू शकेल.

कधीकधी महाग क्रियेच्या जागी स्वस्त क्रिया योजितात. संख्येचे अंक सुटे करण्यास पुनःपुन्हा १० ने भागावे लागते, आणि लहान संगणकात भागाकार फार महाग असतो. त्याऐवजी ५२४२९ ने गुणून आलेल्या गुणाकारास २ च्या १९ व्या घाताने, म्हणजे ५२४२८८ ने, भागतात. हा दुसरा भागाकार वर सांगितल्याप्रमाणे केवळ सरकविण्याचे काम आहे. उदाहरणार्थ ३४७५ घ्या. ५२४२९ ने गुणिले असता १८,२१,९०,७७५ येतात. त्यास ५२४२८८ ने भागिले असता पूर्ण भाग ३४७ येतो. ० पासून ६५,५३५ पर्यंतच्या सर्व संख्यांस ही युक्ती अचूक उत्तर देते. या मर्यादेबाहेर मात्र तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये.

६. ध्रुपद एकदाच छापावे

भजनांच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच छापतात. पुढे प्रत्येक कडव्यानंतर नुसते ‘॥ध्रु॥’ एवढेच असते. गाणाऱ्याची नजर वर जाते, ध्रुपद घेते आणि परत येते. पान वाचते, पण नजरेची फेरी पडते. आज्ञावलीतही जे काम अनेक ठिकाणी लागते ते एकदाच लिहून प्रत्येक ठिकाणाहून त्यास हाक मारितात. अशा भागास उपकार्यक्रम म्हणतात. जागा वाचते, जाण्यायेण्याचे काही ठोके मात्र खर्च होतात.

याच्या उलटही करिता येते. जेथे वेळ फार मोलाचा आहे तेथे ध्रुपद प्रत्येक कडव्याखाली पुन्हा पूर्ण छापावे. पाने वाढतील, पण नजर हलणार नाही. सेकंदाला ४००० वेळा चालणाऱ्या भागात ही दुसरी रीत, आणि महिन्यातून एकदा चालणाऱ्या भागात पहिली रीत योग्य होय. जलद आणि आटोपशीर हे दोन गुण पुष्कळदा परस्परांच्या विरुद्ध जातात. कोठे कोणास मान द्यावयाचा हे कामाचा प्रसंग ठरवितो.

नोंदींच्या बाबतीतही काटकसर साधते. समजा, मीटरने दर अर्ध्या तासाचे वाचन ३५ दिवस जपून ठेवावयाचे आहे. दिवसाची ४८ वाचने, म्हणून एकूण १६८०. प्रत्येक वाचनास ४ बाइट दिले तर ६७२० बाइट लागतील. परंतु वाचन सतत वाढतच जाते. म्हणून पूर्ण वाचन न ठेविता मागील वाचनापासूनची वाढच ठेविली तर २ बाइट पुरतात आणि ३३६० बाइटांत काम होते. या रीतीत एक भय आहे. एक नोंद बिघडली की पुढची सर्व वाचने चुकतात. म्हणून दिवसातून एकदा पूर्ण वाचन ठेवावे. त्यास १४० बाइट अधिक लागून एकूण ३५०० होतील, आणि चूक झालीच तर ती एका दिवसापलीकडे पसरणार नाही. हे १४० बाइट वाचवू पाहणारा मनुष्य हुशार नव्हे.

७. जेथे काटकसर अंगावर येते

आता या पाठातील मुख्य गोष्टीकडे येऊ. आज्ञावली लहान व जलद करिताना तिचा अर्थ बदलला तर काय होते?

आपल्याकडील पुष्कळ एककलीय मीटरांच्या दर्शनी भागावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘एका युनिटास ३२०० स्पंद’ अशा अर्थाचा आकडा असतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लक्ष जूल. त्यास ३२०० ने भागले की ११२५ जूल येतात. म्हणजे दर ११२५ जूल ऊर्जा साचली की दिवा एकदा लुकलुकतो.

आज्ञावलीत हे काम असे लिहितात: बेरजेत ऊर्जा साचू द्यावी, ती ११२५ झाली की दिवा लुकलुकवावा आणि बेरजेतून ११२५ वजा करावे. येथे एखाद्याने विचार केला की वजाबाकी कशाला, बेरीज शून्यच करू. एक लहान क्रिया वाचेल. शिवाय ही तपासणी प्रत्येक मापाला न करिता सेकंदातून एकदाच करू. फार ठोके वाचतील. दोन्ही सुधारणा निरुपद्रवी दिसतात.

१०० वॅटचा एक दिवा लावून पाहा. सेकंदाला १०० जूल साचतात. अकराव्या सेकंदास ११०० होतात. स्पंद होत नाही. बाराव्या सेकंदास १२०० होतात. दिवा लुकलुकतो आणि बेरीज शून्य होते. गेले किती? १२०० जूल. मोजले किती? ११२५. पंचाहत्तर जूल नाहीसे झाले, म्हणजे सव्वासहा टक्के. २००० वॅटची शेगडी लावली तर प्रत्येक सेकंदास २००० जूल येऊन ११२५ च मोजले जातील; जवळजवळ ४४ टक्के वीज हिशोबाबाहेर जाईल. भारतीय मानक १३७७९ प्रमाणे वर्ग १ च्या मीटरची चूक नेहमीच्या भारावर १ टक्क्याच्या आत असावी लागते. दोन ओळींच्या काटकसरीने मीटर निकामी झाले!

धान्य मोजणारा मापाडी पायली भरली की ती रिती करितो, पण राशीत उरलेले धान्य फेकून देत नाही. तोच नियम येथे आहे. ११२५ वजा करावे आणि शेष पुढे न्यावा. तपासणी सेकंदातून एकदा होत असेल तर शेष ११२५ हून लहान होईपर्यंत वजाबाकी पुनःपुन्हा करावी. मग सेकंदातून एकदाच तपासूनही एक जूल हरवत नाही. म्हणजे तपासणी विरळ करण्याची युक्ती चुकीची नव्हती. शेष टाकणे चुकीचे होते.

दुसरे उदाहरण बेरजेच्या रुंदीचे. १६ बिटांची दोन मापे गुणिली असता गुणाकार २ च्या ३० व्या घातापर्यंत जाऊ शकतो. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त जागेत मोठ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ मावते. म्हणजे असे दोन सर्वांत मोठे गुणाकार मिळविताच भांडे भरून वाहते आणि बेरीज एकाएकी ऋण होते. सेकंदाला ४००० गुणाकार साठवावयाचे, तर ४००० हे २ च्या १२ व्या घाताहून, म्हणजे ४०९६ हून, लहान आहेत. म्हणून एका सेकंदाची बेरीज २ च्या ४२ व्या घाताच्या आत राहते. ४८ बिटांचे, अर्थात ६ बाइटांचे भांडे पुरे. ८ बाइट घेणे उधळपट्टी, ४ बाइट घेणे घात. कागदावर मांडलेल्या या दोन ओळींच्या गणिताने ६ हे उत्तर मिळते. अंदाजाने ते मिळत नाही.

कोणी म्हणेल, गुणाकाराचे खालचे १६ बिट प्रत्येक वेळी कापून टाकू, मग ३२ बिटांचे भांडेही चालेल. मोठ्या भारावर हे चालल्यासारखे दिसेल. पण भार अगदी मंद असताना दाबाचे माप २०,००० आणि प्रवाहाचे माप केवळ ३ आले, तर गुणाकार ६०,००० होतो. तो ६५,५३६ हून लहान असल्यामुळे कापल्यावर शून्य उरतो. तो भार रात्रभर चालेल आणि मीटर म्हणेल की काहीच खर्च झाले नाही. कापणी करावयाचीच तर ती बेरजेच्या शेवटी एकदा करावी. प्रत्येक पदाची करू नये.

८. भाषांतरकार आणि मध्येच येणारा पाहुणा

आज्ञावली मनुष्याला कळेल अशा भाषेत लिहितात आणि संकलक नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करिते. हा भाषांतरकार मोठा चतुर असतो. त्याला जलद भाषांतर हवे की आटोपशीर, असे सांगता येते. निरर्थक वाटलेली वाक्ये तो गाळून टाकितो. पण भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास ठाऊक असते की निरर्थक वाटणारे वाक्य मूळ लेखकाने कधीकधी हेतुपूर्वक लिहिलेले असते. एखादी संख्या बाहेरच्या यंत्रणेमुळे आपोआप बदलत असेल, तर आज्ञावलीने ती वारंवार वाचणे आवश्यक असते. संकलकास मात्र ती कोठेच बदलताना दिसत नाही; म्हणून तो एकदाच वाचून काम भागवितो आणि यंत्र जुन्या संख्येवर अडून बसते. अशा संख्येस ‘ही चंचल आहे, हिला प्रत्येक वेळी वाच’ अशी खूण करून द्यावी लागते.

माप तयार होताच संगणकास हातातील काम थांबवून तिकडे वळावे लागते. या व्यत्ययाच्या वेळी थोडके व निकडीचे तेवढेच करावे आणि बाकीचे मागाहून सावकाश करावे. तसेच आपली ६ बाइटांची बेरीज हा संगणक दोन-दोन बाइटांनी, तीन खेपांत वाचतो. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेच्या मध्ये नवे माप येऊन बेरीज बदलली तर हाती आलेली संख्या अर्धी जुनी व अर्धी नवी होते. म्हणून वाचताना काही ठोके व्यत्ययाचे दार लावून घेतात. ही खबरदारी काढून टाकली तर चाचणीत बहुधा काही दिसत नाही. चूक महिन्यातून एखाद्या वेळी, एखाद्याच घरी होते, आणि त्या घरच्या मनुष्याचे कोणी खरे मानीत नाही.

९. चंद्राकडे गेलेला आणि आकाशात फुटलेला

या विद्येचे दोन प्रसिद्ध दाखले जगाच्या इतिहासात आहेत. १९६९ साली मनुष्यास चंद्रावर उतरविणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकात कायमची स्मृती ३६,८६४ शब्दांची होती, आणि बदलता येणारी स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. प्रत्येक शब्द १५ बिटांचा होता. २० जुलै १९६९ रोजी उतरत असताना एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांनी त्याचा काही वेळ खाल्ला आणि १२०२ या क्रमांकाची धोक्याची सूचना उमटली. पण आज्ञावलीच्या कर्त्यांनी प्रत्येक कामाची निकड आधीच ठरविली होती. संगणकाने कमी निकडीची कामे सोडून दिली, यान सांभाळण्याचे काम चालू ठेविले आणि यान सुखरूप उतरले.

दुसरा दाखला दुःखाचा आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून एरियान ५ हे अग्निबाण प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक संगणकाची आज्ञावली आधीच्या एरियान ४ वरून घेतली होती. तीत ६४ बिटांची एक अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. अशा सात संख्यांना ओसंडण्याचे भय होते. त्यांतील चारांस संरक्षण दिले होते. तिघींस दिले नव्हते, कारण संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यावयाचा नव्हता. एरियान ४ वर त्या संख्या मर्यादेत राहत. नवे बाण अधिक वेगाचे होते. संख्या मावली नाही आणि संगणक बंद पडला. विशेष हे की उड्डाणानंतर त्या गणिताची मुळी गरजच नव्हती. अनावश्यक काम चालू ठेवून आवश्यक संरक्षणात काटकसर केली गेली.

१०. मोडी आणि बाळबोध

१८१७ सालापर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते. त्या काळचा मराठी कारभार मोडीत चाले. मोडीत हात फारसा न उचलता भराभर लिहिता येते. ऱ्हस्वदीर्घाचा काच नसतो. पण पोथी लिहावयाची असली की लेखक बाळबोध लिपी घेई, कारण पोथी पुढच्या पिढीने वाचावयाची असे. आज्ञावली लिहिणाऱ्यानेही हाच विवेक ठेवावा. जेथे सेकंदाला हजारो वेळा काम आहे तेवढ्या थोड्या भागात मोडी चालवावी. इतर सर्व बाळबोध असावे, म्हणजे मागून येणाऱ्या मनुष्यास ते वाचता व तपासता येईल. मोडीच्या प्रत्येक ओळीशेजारी तिचा अर्थ व तिची मर्यादा लिहून ठेवावी.

२०२१ साली केंद्र सरकारने हाती घेतलेल्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरे बसविण्याचे उद्दिष्ट ठेविले गेले. एकच आज्ञावली लाखो दारांशी बसते, तेव्हा तीतील एका शेषाची चूक लाख घरांतून होते. महिन्यास २०० युनिट वापरणाऱ्या घरात सव्वासहा टक्के म्हणजे साडेबारा युनिटे. चूक ग्राहकाच्या बाजूची असो वा कंपनीच्या, माप खोटे ते खोटेच.

प्रयोग आणि अभ्यास

मीटर सीलबंद असते. ते कधीही उघडू नये, तारांस हात लावू नये. हा प्रयोग केवळ पाहण्याचा आहे. मीटरवरील स्पंदांचा आकडा वाचा. मोठ्यांच्या संमतीने घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून ज्ञात वॅटचा एकच दिवा लावा. दोन लुकलुकींमधील सेकंद मोजा. ३६,००,००० यांस स्पंदांचा आकडा आणि दिव्याचे वॅट यांच्या गुणाकाराने भागले असता अपेक्षित सेकंद मिळतात. ३२०० स्पंदांच्या मीटरवर १०० वॅटला ११.२५ सेकंद आणि ९ वॅटच्या एलईडी दिव्यास १२५ सेकंद यावेत. थोडा फरक दिव्यामुळेही पडेल. म्हणून पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

१. मीटरवर १६०० स्पंद लिहिले असून ६० वॅटचा दिवा लाविला आहे. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातील?
२. सेकंदातून एकदा तपासून बेरीज शून्य करणाऱ्या सदोष मीटरवर (३२०० स्पंद) ५०० वॅटचे उपकरण लाविले. शेकडा किती ऊर्जा हरवेल?
३. सेकंदाला ४००० ऐवजी ८००० मापे घेतली तर एका सेकंदाच्या बेरजेस किती बिट लागतील? ६ बाइटांचे भांडे पुरेल काय?
४. आपल्या घरातील कोणत्या वस्तूंत असा लहान संगणक असावा? त्यांपैकी कोणाचे काम उशिराने झाले तर चालेल आणि कोणाचे चालणार नाही, याची कारणांसह यादी करा.